लेकरांच्या बॅगेसोबत आबाजींचा औषधांचा डबाही बघा

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीत राहणारं कुटुंब, मुलगी 7 वर्षांची, धाकटा 10 महिन्यांचा, चार वर्षांनी नागपूरला येणार आहेत, जुलैत, साडेपाच आठवडे. प्रतापनगरला आईबाबा असतात, बाबा, म्हणजे लेकरांचे आबाजी, 74 चे, शुगर-बीपी आहे, आई 69. विचारलंय की लेकरं आजारी पडू नयेत म्हणून काय करायचं, तिकडून कोणती औषधं आणायची आणि बाबांसाठी व्हिटॅमिनचे डबे कोणते आणू.

मी फॅमिली डॉक्टर आहे, पश्चिम नागपुरात सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस झाली. जून ते ऑगस्ट आणि मग डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे, माझ्या ओपीडीत बाहेरून आलेली कुटुंबं रोज असतात. लेकरांचं सगळं सांगतो, पण आधी एक सांगून ठेवतो, खाली पटावं म्हणून. लेकरं आजारी पडली तरी बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत उठून पळायला लागतात. या पाच आठवड्यांत ज्यांच्याकडे बघायला पाहिजे आणि जे स्वतःहून एक शब्द बोलणार नाहीत ते तुमचे बाबा आहेत.

लसींचं आधी, कारण ते तिकडूनच करून निघायचं आहे आणि त्याला वेळ लागतो. निघायच्या चार-सहा आठवडे आधी तिकडच्या डॉक्टरांना सांगा की भारतात जातोय आणि घरीच राहणार आहोत, हॉटेलात नाही. हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण नातेवाईकांकडे जाणारी माणसं टुरिस्टपेक्षा जास्त आजारी पडतात, अमेरिकेत सापडणारे टायफॉईडचे बहुतेक पेशंट असे घरी जाऊन आलेलेच असतात. आपल्याला वाटतं आपलंच गाव आहे, आपण लहानपणी नळाला तोंड लावून पाणी प्यायलो, काही झालं नाही. पण ती ताकद तुमचीच आता उरलेली नसते, आणि तुमच्या लेकरांकडे तर ती कधी नव्हतीच. 10 महिन्यांच्या बाळाला गोवराची लस तिकडे एरवी वर्षानंतर देतात, पण परदेशी जाताना 6 ते 11 महिन्यांत एक जास्तीचा डोस देतात, तो मागून घ्या. तो नेहमीच्या दोन डोसांत मोजला जात नाही, ते दोन नंतर द्यावेच लागतात. हिपॅटायटिस ए चंही तसंच. टायफॉईडची लस मात्र तिकडे दोन वर्षांच्या खाली मिळत नाही, आणि इकडे आपल्याकडे टायफॉईडचीच कॉन्जुगेट नावाच्या प्रकारची लस 6 महिन्यांपासून देतात, तेव्हा पोरीला तिकडूनच निदान दोन आठवडे आधी देऊन आणा आणि बाळाला इथे पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत देऊन टाका. तिचाही असर यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून "जाता जाता देऊ" नको.

मलेरियाच्या गोळ्यांचं तिकडचे डॉक्टर विचारतील, त्यांना फक्त नागपूर शहर सांगू नका, गडचिरोलीकडे, मेळघाटाकडे, जंगलाला लागून मामाचं गाव वगैरे जायचं असेल तर ते सांगा. महाराष्ट्रात मलेरिया ज्या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त असतो त्यांत गडचिरोली येतं. आणि पोरीला ताडोबाचा वाघ दाखवायचं प्रॉमिस केलं असेल तर आत्ताच सांगून ठेवा की ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो, नाहीतर इथे येऊन रडारड होते. गोरेवाड्याची सफारी आहे, रमण विज्ञान केंद्र आहे, त्यात ती रमेल.

आता औषधांच्या बॅगेबद्दल, आणि इथे जरा थांबतो कारण याच जागी मी दरवर्षी गोंधळ बघतो. तिकडचं अॅसिटामिनोफेन म्हणजेच आपलं पॅरासिटामॉल, एकच औषध, नाव दोन. तिकडच्या लहान मुलांच्या सिरपमध्ये 5 एमएलला 160 मिलिग्रॅम असतं. इथे दुकानात जाल तर 120 चं मिळतं, 250 चं मिळतं, आणि बाळांसाठीच्या ड्रॉप्समध्ये एका एमएललाच 100 मिलिग्रॅम असतं. तुमचं बाळ 9 किलोचं धरलं तर एका वेळचा डोस किलोमागे 15 प्रमाणे साधारण 135 मिलिग्रॅम. म्हणजे तिकडच्या सिरपचे 4 एमएल, इथल्या 120 वाल्याचे साडेपाच, 250 वाल्याचे पावणेतीनच्याही आत, आणि ड्रॉप्सचा फक्त सव्वा एमएल. दोन वर्षांपूर्वी एक आजी रात्री अकराला नातवाला घेऊन आल्या होत्या. सून झोपली होती, बिचारी दोन रात्री जागलेली, पोराला ताप आला म्हणून आजींनी शेजारून बाटली मागवली आणि सुनेने सकाळी किती दिलं होतं ते आठवून चमचाभर पाजलं. ती बाटली ड्रॉप्सची होती. चमचाभर म्हणजे 500 मिलिग्रॅम, एकाच वेळी जवळपास चौपट. एकदाच गेलं होतं आणि वजनाच्या मानाने विषारी पातळीच्या बरंच खाली होतं म्हणून पोराला काही झालं नाही, पण त्या आजी माझ्यासमोर बसून ज्या थरथरत होत्या ते मी विसरलो नाही. तेव्हा एकच बाटली घरात ठेवा, तिकडून आणलेली असो की इथली, तिच्यावर पांढरी पट्टी लावून मराठीत लिहा, बाळ किती एमएल, ताई किती एमएल, दोन डोसांत कमीत कमी सहा तास. आणि ते फ्रीजवर चिकटवा, तुमच्या फोनमध्ये नको, फोन तुमच्यासोबत सीताबर्डीच्या बाजारात गेलेला असतो.

बाकी औषधं ढीगभर आणू नका, इथे सगळं मिळतं. ओआरएस इथलंच घ्या, पावडरचं, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं. डब्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका, त्यातली साखर जुलाब वाढवते. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ओआरएस हे नाव लिहायलाच मनाई केली, पण लोकांच्या तोंडी ते नाव बसलेलं आहे, अजूनही तेच मागतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच टाकायचं, ग्लासभर पाण्यात अर्धं-अर्धं असं अंदाजाने करायचं नाही. जुलाब लागले तर प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने पाजत राहा, बाळाचं आईचं दूध चालू ठेवा, आणि झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करा. बाळ सहा तास सू करत नसेल, डोळे आत गेले असतील, किंवा उचललं तरी मान टाकत असेल तर घरी बसू नका. आणि जुलाब बंद करायची मोठ्यांची गोळी लेकरांना अजिबात नको, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पाणी आरओचं किंवा उकळलेलं, हे सगळेच करतात. गडबड होते ती नातेवाईकांकडे. आधीच आईला सांगा की पहिला आठवडा कोणाकडे जाणार नाही, भेटायचं त्यांनी घरी यावं, एखादा रविवार ठरवून सगळ्यांना बोलवून घ्या. नाहीतर काय होतं, रोज तीन घरं, प्रत्येक घरी सरबत, प्रत्येक घरी "अगं एवढंसं तर खाऊ दे", आणि आपल्या माणसांना नाही म्हणवत नाही. नाही म्हणायचंही नाही, एवढंच धरून चला की समोर गरम उतरलेलं चालेल, कापून ठेवलेलं आणि बर्फ घातलेलं नाही. गोळाभात, पाटोडी-भात, कढी, गरम वरणफळं, हे सगळं पोरीला खाऊ द्या, चार दिवस तिखट लागेल मग मागून खाईल. ठेल्यावरचे तर्री पोहे तुम्ही खा, तिला नुसते पोहे.

जुलैत नागपूरला उकाडा चिकट असतो, पाऊस पडला तरी, आणि घराघरात कूलर अजून खिडकीतच असतो. बंद केलेला असतो, पण पाणी तसंच. डेंगूच्या डासाला असंच स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. तुम्ही यायच्या आधी बाबांना फोन करून सांगा की कूलर रिकामा करून, टाकी घासून, उलटा करून ठेवा. घासून हे मुद्दाम म्हणतोय, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून काही होत नाही. फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा, मनीप्लांटची बाटली, हेही बघा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा बाळ दुपारी झोपलं की मच्छरदाणी लावायचीच. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, तिकडे घरोघरी असतं ते आयबुप्रोफेन इथे डेंगू नाही हे कळेपर्यंत द्यायचं नाही. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं डेंगूत नसतं, उलट ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस नीट बघायचे असतात, पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, लेकरू एकदम मलूल, यातलं काही दिसलं तर सरळ दवाखाना.

कुत्र्यांचं. तिकडची लेकरं कुत्रा दिसला की हात लावायला धावतात, त्यांनी पट्टा नसलेला कुत्रा बघितलेलाच नसतो. पोरीला विमानात बसायच्या आधीच सांगा. चावला, किंवा नुसता ओरखडा निघाला तरी जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पूर्ण 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, हळद-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात. इंजेक्शनं स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असतात, कातडीत दिली तर 14 व्या दिवसाचं नसतं, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, वेगळं. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत गेलं तरी मिळतं. परतीची तारीख मध्ये येत असेल तर लसीच्या नावासकट कार्ड सोबत न्या, उरलेले डोस तिकडे पूर्ण करता येतात.

झोपेबद्दल थोडक्यात, कारण याला औषध नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे लेकरांचा दिवस जवळपास उलटा होतो, आणि शरीर तासामागे एक दिवस धरून जुळत जातं. आठवडा-दीड आठवडा जाणारच. सकाळी उजेडात बाहेर काढा, दुपारी दीड-दोन तासांच्या वर झोपू देऊ नका. पण खरी गोष्ट दुसरीच आहे. रात्री अडीचला लेकरू उठतं आणि त्याच्यासोबत आबाजीही उठतात. माझ्या एका पेशंटनी मला सांगितलं होतं, "डॉक्टरसाहेब, पोट्टं रात्री तीनला पोळपाट घेऊन माझ्यासंगं किचनमध्ये बसते, मी त्याला कणकेचे गोळे करून देतो, सगळे झोपलेले असतात, तेवढाच वेळ ते माझं एकट्याचं असते." इतका आनंद होता त्यांच्या चेहऱ्यावर. आणि मी बीपी मोजलं तर 176 होतं, पाच रात्री झोपले नव्हते, आणि सकाळची गोळी दोन दिवस राहून गेली होती.

म्हणून आता बाबांचं. तुम्ही याल तेव्हा घर आवरलेलं असेल, दोघं छान कपड्यात असतील आणि विचाराल तर सगळं ठीक आहे असंच म्हणतील. आपल्याकडच्या आईबापांना वाटतं लेकरू चार वर्षांनी आलंय, त्याला आपल्या दुखण्याचं काय सांगायचं. एक काका तर मुलाला घ्यायला सोनेगाव विमानतळावर जायचं म्हणून दोन दिवस लघवीची गोळीच घेत नव्हते, मध्येच बाथरूमला जावं लागू नये म्हणून. हार्टचे पेशंट. चौथ्या दिवशी मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तेव्हा पाय सुजून चप्पल जात नव्हती.

शुगरच्या माणसाला तुमच्या येण्याने होणारा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे जेवणाच्या वेळा. एरवी बाबा साडेबाराला जेवत असतील. तुम्ही आलात की लेकरं उठेपर्यंत अकरा, मग आवरून कोणाकडे तरी, जेवण अडीचला, आणि शुगरची गोळी सवयीने सकाळी नऊला घेतलेली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, चिडचिड, बोलणं असंबद्ध. घरच्यांना वाटतं दगदगीने थकले. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत मोजायची, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, 108 ला फोन. तुम्ही फक्त एवढं करा की कुठेही असलात तरी बाबांचं ताट त्यांच्या वेळेला. बाकीच्यांचं मागे-पुढे होऊ द्या.

आता तो व्हिटॅमिनचा प्रश्न. कृपा करून काही आणू नका, निदान इथले रिपोर्ट बघेपर्यंत. त्रिमूर्तीनगरचे एक काका, 72 वर्षांचे, महिनाभर मळमळ, बद्धकोष्ठ, मग एकदम विसराळूपणा, घरच्यांना वाटलं डिमेन्शिया सुरू झाला. रक्तात कॅल्शियम 12.8 निघालं. मुलाने पाठवलेल्या डब्यातलं 5000 युनिटचं व्हिटॅमिन डी रोज दोन, वर इथल्या डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी दिलेली 60,000 युनिटची आठवड्याची पुडी ते वर्षभर घेत होते, वर कॅल्शियमची गोळी. मुलाने प्रेमाने पाठवलं, काकांनी मुलाने पाठवलं म्हणून एक दिवस चुकवलं नाही. बंद केल्यावर दीड महिन्यात माणूस पुन्हा पेपर वाचायला लागला.

तेव्हा दुसऱ्या आठवड्यात, तुमची झोप जुळली की, एका दुपारी आईबाबांसोबत बसा आणि घरातली सगळी औषधं जेवणाच्या टेबलावर ओता. कपाटातली, देवघराच्या ड्रॉवरमधली, पर्समधली, उशाखालची. प्रत्येक पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते मोठ्याने वाचा, कंपनीचं नाव नाही. तुम्हाला बीपीचं एकच टेल्मिसार्टन दोन वेगळ्या नावांनी सापडेल, एक हार्टवाल्यांनी दिलेलं, एक जुन्या डॉक्टरांनी, आणि बाबा दोन्ही घेत असतील, मग सकाळी उठल्या उठल्या चक्कर. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी सापडेल, जी शुगर-बीपीच्या माणसाच्या किडनीला सगळ्यात वाईट. स्वतः काही बंद करू नका, पिशवीत भरून त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि एका कागदावर एकच यादी करून घ्या. सोबत उपाशीपोटी तपासण्या, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, बी12 (शुगरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं कमी होतं, त्यात शाकाहारी असतील तर जास्तच), ईसीजी, आणि डोळ्यांचा पडदा.

एक तपासणी तुम्ही घरीच करा. बाबांना खुर्चीत बसवा, उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने. मोबाईलवर वेळ लावा. 12 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरा. मग त्यांचं बाथरूम बघा, तुमचं वरच्या मजल्यावरचं नाही, जिथे ते आंघोळ करतात ते. गुळगुळीत टाइल्स, साबणाचं पाणी, आधाराला फक्त टॉवेलचा दांडा जो माणसाच्या वजनाने उखडतो. भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा, कमोडजवळ एक आणि नळाजवळ एक, रात्रीचा छोटा दिवा आणि बाथरूमच्या आतून कडी न लावायची सवय. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे, मी बघितलेली खुब्याची निम्मी हाडं याच्याविना मोडलीत.

बाबा 70 च्या वर आहेत, तेव्हा त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या, ऑक्टोबर 2024 पासून 70 वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार आहे, आधार लागतो. आईचं वर्षाने निघेल. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दोघांनाही डॉक्टरांना विचारून द्या. लेकरांसाठी तिकडचा हेल्थ इन्शुरन्स भारतात चालतो का ते निघायच्या आधी बघा, बऱ्याच पॉलिसी चालत नाहीत, मग वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो.

आणि तुम्ही परत गेल्यावरचं. तुम्ही गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी अशी आई-वडील मंडळी माझ्याकडे येतात, झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल. आधी मी बीपी बघून पाठवून द्यायचो. आता बसवून घेतो आणि विचारतो नातू काय करायचा, मग अर्धा तास बोलतात. तुमच्या घरी जे रोजचं असेल, रात्रीचे कणकेचे गोळे असोत की संध्याकाळी आबाजींसोबत दूध आणायला जाणं असो, त्याच वेळेला तुमचा व्हिडिओ कॉल ठेवा, आपल्याला जमेल तेव्हा नाही, त्यांच्या घड्याळाने. संध्याकाळी साडेसहा इकडे म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे नऊ. शाळा सुरू झाल्यावर रोज जमणार नाही, शनिवार-रविवार तरी पक्के ठेवा. औषधांची यादी बदलली तर तिचा फोटो त्याच कॉलवर मागून घ्या.